'फॉरमॅट मार' नावाचा रोग

मराठीत 'मारणे' ह्या क्रियापदाला किती कामं करावी लागतात! आपण गप्पा मारतो, थापा मारतो, चकरा मारतो, काम नसलं की माशा मारतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यात आणखी एकाची भर पडली आहे. आपण फॉरमॅट मारतो. कॉम्प्युटर सावकाश चालतोय? फॉरमॅट मार. चालूच होत नाही? फॉरमॅट मार. पासवर्ड टाकल्यावर नुसता काळा पडदा येतोय? अरे मग फॉरमॅट मार ना, विचार कसला करतोस!

हा लेख त्या एका वाक्याच्या विरोधात आहे. आधीच सांगून टाकतो, ह्यात तोल वगैरे सांभाळलेला नाही. माझं त्या वाक्याशी जुनं वैर आहे.

वैर कशावरून, तर माझी आत्या सांगलीला असते. आजोबा होते तेव्हा तिने त्यांना समोर बसवून पत्रीसरकारच्या काळातल्या त्यांच्या आठवणी कॅसेटवर घेतल्या होत्या. पुढे कॅसेटना बुरशी धरायला लागली म्हणून तिच्या मुलाने ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि कॅसेट टाकून दिल्या. आजोबा गेले. दोनेक वर्षांनी एका सकाळी तो कॉम्प्युटर सुरू होईना. कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा आला, त्याने दोनदा बटण दाबून बघितलं आणि निदान केलं, "काकू, फॉरमॅट मारावं लागेल." तीनशे रुपयांत त्याने आख्खी डिस्क साफ करून दिली. आठवड्याने कॉम्प्युटर परत बंद! मग दुसरा कोणीतरी आला, त्याने मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलला. सेल मेला होता, त्यामुळे प्लग काढला की बायॉसची सेटिंग्ज पुसली जायची आणि डिस्क कशी वाचायची हेच मशीन विसरायचं. आत्या मला फोनवर म्हणाली, "अरे, महिनाभर घड्याळ रोज चुकीची तारीख दाखवत होतं. मला वाटलं, असेल काहीतरी."

म्हणजे यंत्र महिनाभर सांगत होतं. आजोबांचा आवाज आता कुठेही नाही.

त्या दुकानातल्या मुलाला मी दोष देणार नाही, कारण पुढे इथे इंग्लंडात पीएचडी करताना मीही तेच करायला निघालो होतो. प्रयोगशाळेतल्या माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. एका सोमवारी सकाळी पासवर्ड टाकला, पडदा क्षणभर काळा झाला आणि परत पासवर्डचीच खिडकी समोर! परत टाकला, परत तेच. पासवर्ड चुकला तर तसं सांगतो की तो, इथे तक्रारही नाही. दाराशी जाऊन बेल वाजवावी, आतून कोणीतरी दार उघडावं आणि आपल्याकडे बघून पुन्हा लावून घ्यावं, तसा प्रकार. तासभर हे केल्यावर मी खणातून इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह काढला. तेवढ्यात आमचा म्हातारा तंत्रज्ञ चहाचा मग घेऊन समोरून चालला होता. मी म्हटलं, "चालत नाहीये हो हे."

तो म्हणाला, "हे झालं तुझं मत. यंत्र काय म्हणतंय?"

मला उत्तर देता येईना. यंत्राला मी काही विचारलंच नव्हतं, नुसता बटणं दाबत होतो. त्याने मग टेबलावर ठेवला, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ एकदम दाबलं, तर समोर साधी अक्षरांची काळी खिडकी आली. तिथे माझंच नाव आणि माझाच पासवर्ड मुकाट्याने चालला. म्हणजे दार उघडत होतं, दिवाणखान्यात गडबड होती. मग त्याने 'डीएफ -एच' एवढंच टाइप केलं. माझ्या फाइली असलेला भाग शंभर टक्के भरलेला! शुक्रवारी मीच एक सिम्युलेशन चालू ठेवून घरी गेलो होतो आणि त्याने शनिवार-रविवारी लिहून लिहून डिस्क फुगवली होती. डेस्कटॉप उघडताना चार बारीकसारीक फाइली लिहाव्या लागतात, त्यांना जागा मिळत नव्हती, म्हणून तो जन्मताच मरत होता. दोन निरुपयोगी फाइली उडवल्या आणि सगळं सुरळीत. मोजून सहा मिनिटं. मी पेन ड्राइव्ह लावला असता तर अकरा दिवसांची आकडेमोड त्या डिस्कवरून पुसली गेली असती, आणि तीही जागा कमी पडते म्हणून.

आता कोणी म्हणेल, तुमचं ठीक आहे हो, तुम्ही इंजिनियर, सामान्य माणसाला हे कसं जमणार? जमतं. कर्जतहून निघालेली लोकल मध्येच थांबली तर आपण काय करतो? खिडकीतून डोकावून कुठलं स्टेशन आलंय ते बघतो. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं, ते ग्रबला उठवतं, ग्रब कर्नलला, कर्नल सिस्टमडीला, मग लॉगिनची खिडकी आणि शेवटी डेस्कटॉप. गाडी कुठे अडली एवढं कळलं की निम्मं काम झालं. ग्रबची यादी दिसली पण पुढे काळोख, आणि कालच कर्नल अपडेट केला होता? बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचं नव्या कर्नलशी जमत नसतं. यादीत जुना कर्नल असतोच, तो निवडा. किंवा 'ई' दाबून त्या ओळीत 'नोमोडसेट' हा शब्द घाला, तो त्या एका वेळेपुरताच लागू होतो. सुरू होताना दीड मिनिट थांबून मग 'इमर्जन्सी मोड' म्हणतोय? एफएसटॅब नावाच्या फाइलीत अशा एखाद्या डिस्कचं नाव असेल जी आता जागेवर नाही. माझ्या बाबतीत ती मित्राला सिनेमे भरून द्यायला दिली होती. बिचारा कॉम्प्युटर नव्वद सेकंद तिची वाट बघायचा! आणि ह्यातलं काहीच कळत नसेल तर 'जर्नलसीटीएल -बी -१' ही आज्ञा मागच्या वेळी काय काय घडलं ते ओळीओळीने वाचून दाखवते. हजारो ओळी असतात, त्यातल्या बहुतेक फालतू असतात हेही खरं. पण शेवटच्या पन्नासात सहसा कोणीतरी कण्हत असतं.

"एवढा वेळ कोणाकडे आहे?" हा दुसरा आक्षेप, आणि तो मी सहजासहजी उडवून लावणार नाही. मोठ्या कंपन्या बिघडलेला सर्व्हर दुरुस्त करत बसत नाहीत, पुसून नवा उभा करतात हे मला माहीत आहे, मीही ते केलं आहे. पण त्या आधी त्याचे सगळे लॉग दुसऱ्या मशीनवर जमा करतात. प्रेत जाळायचं तर जाळा, पण आधी पंचनामा करा. आपण पंचनामा न करता जाळतो, आणि पुढच्या महिन्यात तोच आजार परत आला की दुकानदाराला परत तीनशे रुपये देतो.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार इथे कोणी विसरणार नाही. क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभरच्या विंडोज मशीनवर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर अडकली. इंग्लंडातले डॉक्टर कागदावर लिहायला लागले, स्काय न्यूज काही तास थेट प्रक्षेपणातून गायब झालं, तिकडे भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. आणि उपाय? सेफ मोडमध्ये जायचं आणि ती एक फाइल खोडायची. प्रत्येक मशीनपाशी माणूस उभा करावा लागला हे खरं, पण गाडी कुठे अडली ते कोणीतरी वाचलं म्हणूनच कळलं की एकच फाइल खोडायची आहे. 'फॉरमॅट मार' म्हणणाऱ्यांच्या हातात कारभार असता तर ८५ लाख डिस्का कोऱ्या झाल्या असत्या.

पण माझा खरा राग ह्याच्याही पलीकडचा आहे. इथल्या पोस्टाची गोष्ट ऐका. खेड्यापाड्यांत, गल्लीबोळांत पोस्टाची शाखा चालवणारे सब-पोस्टमास्तर म्हणजे बहुतेक छोटे दुकानदार. त्यात आपल्याकडून आलेली माणसंही बरीच. १९९९ पासून त्यांच्या काउंटरवर 'होरायझन' नावाची फुजित्सूची संगणक प्रणाली आली आणि हिशेबात तूट दिसायला लागली. करार असा की तूट पोस्टमास्तरने भरायची. मदतीच्या फोनवर आपल्याला 'असं फक्त तुमच्याकडेच होतंय' असं सांगितलं गेलं, ही साक्ष अनेकांनी दिली आहे. त्यांच्यापुढे फक्त पडद्यावरची एक रक्कम होती, ती कुठून आली हे आत डोकावून बघायची सोय नव्हती. लॉग होते, पण ते दुसऱ्याच्या कपाटात. १९९९ ते २०१५ ह्या काळात नऊशेहून अधिक माणसं चोरी आणि खोटा हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरली. वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा ह्यांना नोव्हेंबर २०१० मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या. त्यांची निर्दोष सुटका एप्रिल २०२१ मध्ये झाली. प्रणालीतच दोष होते आणि बाहेरून शाखेच्या हिशेबात हात घालता येत होता, हे न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केलं.

ह्यातला सगळ्यात भयंकर भाग कायद्याचा आहे. संगणकाचा पुरावा मांडणाऱ्याने संगणक नीट चालत होता हे दाखवावं, अशी अट १९८४ च्या कायद्यात होती. १९९९ च्या कायद्याने ती काढून टाकली. मग उरलं गृहीतक, की यंत्र बरोबरच असणार. यंत्र बरोबर असेल तर चुकलेला माणूस असलाच पाहिजे, नाही का?

आत्याच्या कॉम्प्युटरचं आणि ह्या तुरुंगवासाचं माप एक नाही, एवढं मलाही कळतं. पण सवय तीच. यंत्र बोलतंय ते वाचायचं नाही, वाचू द्यायचं नाही, वाचायला मागणाऱ्याला वेड्यात काढायचं. म्हणून मी लिनक्सच्या त्या कंटाळवाण्या काळ्या ओळींचा भक्त आहे. त्या ओळी माझ्या कपाटात आहेत, किल्ली माझ्याकडे आहे.

आणि म्हणूनच लिनक्सवाल्यांवरही माझा राग आहे. हल्ली सुरू होताना ह्या ओळी झाकून एक सुंदर बोधचिन्ह गरगर फिरवतात. सगळं ठीक असेल तर छान दिसतं, अडलं तर ते गरगरत बसतं आणि बघणारा पॉवरचं बटण दाबतो. (एस्केप दाबून बघा, पडद्यामागच्या ओळी बहुधा दिसतात.) ग्नोम डेस्कटॉप कोसळला तर एक दुःखी चेहऱ्याचा कॉम्प्युटर येऊन सांगतो की अरेरे, काहीतरी बिघडलंय. काहीतरी म्हणजे काय रे बाबा? हीच ती दुकानातली भाषा! त्यात आता लोक चॅटबॉटला विचारून मिळेल ती आज्ञा 'सुडो' लावून चिकटवतात. एकाने तर आख्ख्या डिस्कच्या सगळ्या फाइली सगळ्यांना खुल्या करून टाकल्या होत्या. हेही फॉरमॅट मारणंच, जरा सावकाश.

परवा भाच्याचा फोन आला. पुण्याला इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, माझाच जुना लॅपटॉप वापरतो, विंडोज आणि लिनक्स दोन्ही.

"मामा, मेला रे. मित्र म्हणतायत फॉरमॅट मार."

"काय म्हणतोय तो?"

"कोण, मित्र?"

"लॅपटॉप!"

फोटो आला. 'नो सच पार्टिशन', आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'. विचारल्यावर कबूल झालं की विंडोजमधून एक रिकामं पार्टिशन उडवून गेम टाकायला जागा केली होती. मी त्याला 'एलएस' टाइप करायला लावलं, एकेक पार्टिशन बघायला लावलं. ग्रब सातव्या क्रमांकात शोधत होता, लिनक्स बसलं होतं सहाव्यात. नवा पत्ता दिला, दोन आज्ञा आणखी, आणि ओळखीची यादी पडद्यावर आली. कायमचा पत्ता नंतर सावकाश बदलू म्हटलं, रात्रीचे साडेबारा झाले होते तिकडे, झोप आता.

तो झोपला नाही. दहा मिनिटांनी परत फोन.

"मामा, पण मी उडवलं पाचवं. मग सातचं सहा झालं कसं?"