जुन्या टोपीतले नवे स्विंग

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका हॉटेलात स्विंगचा जलसा ऐकला. कळंबहून एस.टी.ने हिसके खात गेलो, म्हणून तिकिटाचे दुःख दुप्पट! वादक चांगले होते. ट्रम्पेटवाल्या पोराला तर मी उठून दाद दिली. पण निवेदक म्हणाला, हे संगीत आम्ही प्रथमच या मातीत आणीत आहोत. इथे मात्र माझे पित्त खवळले.

अहो, 1951 च्या 'अलबेला'च्या गाण्यांवर आपल्या वराती नाचल्या, त्या कशाच्या जोरावर? संगीतकार सी. रामचंद्र पुणतांब्याचे, त्यांच्या सोबतीला हळदोण्याचे ट्रम्पेटवादक अंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात स्विंग वाजवायचे आणि स्टुडिओत हिंदी गाण्यांना तोच झोका द्यायचा, असा त्यांचा संसार. 1967 साली ते गेले. भगवानदादांची पावले घरोघर ठाऊक. त्या पावलांमागच्या ट्रम्पेटचे नाव कोण घेतो?

गोव्याच्या क्रिस पेरी आणि लॉर्ना यांची गाणी 2014 च्या 'नाचूंया कुंपासार' या कोंकणी चित्रपटाने परत आणली खरी, पण तिथेही पडद्यावर नावे बदललेली! उलट आमच्या शेजारच्या नारायणगावचा तमाशा पाहा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर : नावातच बाप आहे, गाव आहे. या मंडळींना टोपी 1940 सालातली हवी, पूर्वज मात्र नको.

मध्यंतरात त्या पोराला मी चिक चॉकलेटविषयी विचारले.

"नवीन निघालंय का, काका?" तो म्हणाला.