एका रुपयाची वर्गणी : नाशिकच्या फाळक्यांपासून ‘श्वास’पर्यंत

१/
‘श्वास’चा इतिहास बहुधा दोन वाक्यांत आटोपतो. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला, आणि २००४ मध्ये हा चित्रपट भारताकडून ऑस्करला गेला. दोन्ही विधाने खरी आहेत. पण चित्रपटाच्या इतिहासकाराने विचारायचा प्रश्न त्यांत येतच नाही : पैसे कोणी दिले, केव्हा दिले आणि कशासाठी दिले?

२/
आधी कथा. ‘श्वास’ माधवी घारपुरे यांच्या लघुकथेवर आधारलेला आहे. कोकणातला परशुराम नावाचा लहान मुलगा. त्याच्या डोळ्यांत कर्करोग. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. ही गोष्ट त्या पोराला सांगायची कोणी आणि कशी, या एका पेचाभोवती सगळे घडते.

३/
दिग्दर्शक संदीप सावंत यांनी लघुकथेचा हा आटोपशीरपणा मोडला नाही. यात खलनायक नाही, उपकथानकांची भर नाही. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला रुग्णालयातून बाहेर घेऊन जातात, जग एकदा डोळे भरून पाहता यावे म्हणून. आजोबांची भूमिका करणारे अरुण नलावडे निर्मात्यांपैकीही एक होते. अशा कथेवर पैसा लावायला बाजार सहसा धजावत नाही.

४/
सुवर्णकमळ मिळाले, ऑस्करसाठी निवड झाली आणि चित्र पालटले. अमेरिकेत परीक्षकांपर्यंत पोहोचायचे तर प्रदर्शने आणि प्रसिद्धी हवी, त्याला मोठा निधी हवा. शाळकरी मुलांनी पणत्या रंगवून विकल्या. नाट्यसंस्थेने प्रयोगाचे उत्पन्न दिले. राज्य शासनानेही मदत केली. महाराष्ट्राने एका चित्रपटासाठी अक्षरशः वर्गणी काढली.

५/
ही घटना अपूर्व मानली जाते. ती तशी नव्हती. तिची पूर्वपीठिका नाशिकला आहे.

६/
त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून आणि पत्नी सरस्वतीबाईंच्या दागिन्यांच्या आधारे पहिल्या चित्रपटाचे भांडवल उभे केले, हे सर्वश्रुत आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्यानंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. पुढचा प्रसंग मात्र फारसा सांगितला जात नाही.

७/
१९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले. तिथे कौतुक झाले, तिथेच राहून काम करण्याविषयी विचारणाही झाली. ती नाकारून ते परतले. तोवर पहिले महायुद्ध सुरू झाले होते आणि भांडवलदारांनी हात आखडता घेतला होता. परदेशातील प्रशंसेच्या बळावर नाशिकचा कारखाना चालेना.

८/
तेव्हा फाळक्यांनी वेगळी योजना मांडली : मुंबई-पुण्यातील होमरूल चळवळीच्या सभासदांनी प्रत्येकी एक रुपया द्यावा. ‘केसरी’तील जाहिरातीला पुरेसा प्रतिसाद आला नाही. पुढे ‘संदेश’कर्ते अच्युतराव कोल्हटकर यांनी या योजनेसाठी लेखणी उचलली आणि लोकांकडून पैसे येऊ लागले. औंधच्या संस्थानिकांचेही साहाय्य झाले. यातून ‘लंकादहन’ साकारला. १९१७ चा हा चित्रपट तुफान चालला.

९/
या यशानंतर व्यापाऱ्यांचे भांडवल आपसूक आले. १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. भागीदारांशी न पटल्याने फाळके काही काळ ती सोडून काशीलाही गेले. क्रम लक्षात घ्यावा : आधी लोकांचा रुपया, मग चित्रपट, मग व्यापाऱ्यांची थैली.

१०/
‘श्वास’च्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. चित्रपट काढताना मोजक्या माणसांनी धोका पत्करला. समाजाची वर्गणी आली ती राष्ट्रीय मोहोर उमटल्यावर, आणि तीही परदेशी पारितोषिकाच्या प्रचारासाठी. अंतिम नामांकनांत ‘श्वास’ आला नाही. पण आला असता तरी हा आक्षेप कायम राहिला असता.

११/
याला एक रास्त उत्तर आहे. पणत्या रंगवणाऱ्या मुलांना प्रसिद्धीचे अर्थकारण ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्या भाषेतील एका साध्या कथेला जगाने पाहावे, एवढीच त्यांची इच्छा होती. शिवाय ‘श्वास’ने मराठी चित्रपटाला आत्मविश्वास परत दिला, हे कोणी नाकारत नाही. २००९ मध्ये फाळक्यांच्या धडपडीवरचा परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ भारताकडून ऑस्करला गेला, तोही याच नव्या लाटेत.

१२/
तरीही फरक उरतोच. १९१७ च्या रुपयाने नवा चित्रपट जन्माला घातला. २००४ च्या रुपयाने जन्मलेल्या चित्रपटाची ओळखपत्रे छापली. पहिल्या रुपयात जोखीम होती, दुसऱ्यात अभिमान होता. अभिमान वाईट नव्हे. पण पुढची ‘श्वास’सारखी कथा पडद्यावर येईल ती जोखमीच्या रुपयावरच.

१३/
फाळक्यांचे निधन १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच झाले. आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे आणि देशातील सर्वोच्च चित्रपट सन्मान त्यांच्या नावाने दिला जातो. हे सगळे त्यांच्या पश्चात. ज्यांनी ‘संदेश’कडे एकेक रुपया धाडला, ती माणसे हयातीत देणारी होती. त्यांची नावे चित्रपटाच्या इतिहासात सहसा येत नाहीत.

१४/
म्हणून चित्रपटाचा इतिहास वाचताना पारितोषिकांच्या यादीआधी जमाखर्चाचे पान उघडावे. आणि एखादा नवखा दिग्दर्शक लघुकथा हाती घेऊन पैशासाठी दार ठोठावत असेल, तर त्याला सुवर्णकमळ मिळेपर्यंत थांबू नये.