मोज्यावरची चिठ्ठी

नाताळ तोंडावर आला की मुंबईच्या कित्येक धर्मग्रामांत आणि गृहनिर्माण सोसायट्यांत एक सूचना फिरू लागते. तिचा आशय ठरलेला असतो. मुलांच्या नाताळ मेळाव्याची वर्गणी अमुक तारखेपर्यंत भरावी. पालकांनी आपल्या पाल्यासाठी आणलेली भेटवस्तू कागदात गुंडाळून किंवा लाल मोज्यात भरून, तिच्यावर मुलाचे नाव व इयत्ता लिहिलेली चिठ्ठी डकवून कार्यकर्त्यांच्या स्वाधीन करावी. मेळाव्याच्या सायंकाळी ती नाताळबाबाच्या हस्ते देण्यात येईल. सूचना साधी आहे, सोयीची आहे, आणि ती काढणाऱ्या तरुणांच्या मनात कोणाविषयी वाईट भावना नसते हेही आम्ही जाणतो. तथापि या सूचनेइतकी अख्रिस्ती गोष्ट नाताळच्या दिवसांत आमच्या सभागृहांत दुसरी घडत नसावी, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते येथे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

त्या सायंकाळी प्रत्यक्षात काय होते ते पाहा. ध्वनिक्षेपकावरून एकेक नाव पुकारले जाते. एक मूल पुढे येते. त्याच्या मोज्यातून विजेरीवर धावणारी मोटार डोके काढून बसलेली असते, तळाशी परदेशी चॉकलेटे असतात. टाळ्या पडतात. पुढचे नाव येते. या मुलाच्या मोज्यात दोन पेन्सिली, एक खोडरबर आणि किराणा दुकानातले गोळ्यांचे पाकीट. टाळ्या याही वेळी पडतात, पण दहा वर्षांच्या मुलाला टाळ्यांचे वजन कळत नाही असे समजणारी माणसे आपले बालपण विसरलेली असली पाहिजेत. दोन्ही मोजे एकाच नाताळबाबाने, एकाच व्यासपीठावरून, एकाच हसऱ्या मुखाने दिलेले असतात. आणि त्याच नाताळबाबाविषयी घरोघरी वर्षभर सांगितलेले असते की तो चांगल्या मुलांना बक्षीस देतो! आता दुसऱ्या मुलाने कोणता निष्कर्ष काढावा? आपल्या वडिलांचा पगार कमी आहे, हा निष्कर्ष तो काढणार नाही, कारण वस्तू वडिलांनी आणली हे त्याच्यापासून मुद्दाम लपविलेले असते. तो हाच निष्कर्ष काढील की आपण कमी चांगले आहोत. गरिबीचे दुःख मूल सोसू शकते. आमच्या कितीतरी पिढ्यांनी ते सोसले. पण गरिबी हा आपल्या चांगुलपणाचा निकाल आहे, असे त्याला ख्रिस्तमंदिराच्या आवारात, तेही ख्रिस्तजन्माच्या निमित्ताने, शिकवायचे म्हणजे काय?

आमच्या चिंचपोकळीत ही गोष्ट अधिक बोचते. भायखळा आणि करी रोड यांच्यामध्ये वसलेली ही वस्ती. रुळांच्या एका अंगाला लालबाग, दुसऱ्या अंगाला डिलाईल रोड, सात रस्ता आणि साने गुरुजींचे नाव धारण करणारा जुना आर्थर रोड. गिरण्यांच्या भोंग्यावर येथले घड्याळ चालत असे. कोकणातून, गोव्यातून, घाटावरून आलेली ख्रिस्ती कुटुंबे येथील चाळींत हिंदू कुटुंबांच्या भिंतीला भिंत लावून राहिली. त्या काळी सारेच कमी-अधिक एका मापाचे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि मग गिरण्याही एकामागून एक गेल्या. आज त्यांच्या जागी चाळीस-पन्नास मजल्यांचे मनोरे उभे आहेत आणि मनोऱ्यांच्या सावलीत उरलेल्या चाळी पुनर्बांधणीची वाट पाहत आहेत. मनोऱ्यातले मूल आणि चाळीतले मूल आता एकाच शाळेत जात नाही, एकाच मैदानात खेळत नाही. ती दोघे एकत्र येतात ती रविवारी वेदीसमोर, आणि वर्षातून एकदा नाताळच्या मेळाव्यात. जे एक ठिकाण या दोघांना समान करण्यासाठी उरले आहे, तेथेच आम्ही त्यांच्या पालकांची मिळकत कागदात गुंडाळून जाहीर करतो.

आणि हे सारे कोणाच्या नावाने? नाताळबाबा म्हणजे संत निकोलस, हे सर्वांना ठाऊक असते. निकोलसने केले काय, हे सांगणारे थोडे. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील मायरा नगरीचा तो बिशप होता. त्याच्याविषयीची जी कथा मोज्यापर्यंत येऊन पोहोचली ती अशी : एका गृहस्थाची मालमत्ता बुडाली. त्याला तीन मुली. हुंडा नाही म्हणून लग्ने नाहीत, आणि पोट भरायला काही नाही म्हणून त्या मुलींना वेश्यागृहात धाडण्याची वेळ आली. निकोलसच्या कानी हे आले. त्याने रात्री, कोणी पाहणार नाही अशा बेताने, त्यांच्या खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकली. थोरलीचे लग्न झाले. पुन्हा एका रात्री दुसरी पुरचुंडी पडली. तिसऱ्या वेळी बाप जागा राहिला आणि त्याने देणाऱ्याला गाठले. तेव्हा निकोलसने त्याला बजावले की मी जिवंत असेपर्यंत ही गोष्ट कोणाला सांगू नकोस. जुन्या वृत्तांतांत खिडकी आहे; पुढे सांगणाऱ्यांनी धुराड्यातून सोने खाली टाकले आणि ते चुलीशी वाळत घातलेल्या मुलींच्या मोज्यात पडले, अशी भर घातली. धुराडे खरे की खिडकी खरी, या वादात आम्ही पडत नाही. कथा म्हणून ती खरी असण्याला त्याची अडचण नाही.

या कथेतील मोजा कोणाचा आहे? ज्या घरात दुसऱ्या दिवसाची सोय नव्हती त्या घरातल्या मुलीचा. तोही वापरलेला, धुतलेला, ओला. त्यात पडलेली वस्तू खेळणे नव्हते, मुलगी विकली जाऊ नये म्हणून दिलेली किंमत होती. आणि देणाऱ्याने आपले नाव लपविले होते. आमच्या मेळाव्यात यातील प्रत्येक गोष्ट उलटी झाली आहे. मोजा बाजारातून आणलेला, कधी पायात न गेलेला, लाल कापडाचा आणि पांढऱ्या कापसाच्या काठाचा. त्यात पडणारी वस्तू ज्याच्या घरी पुष्कळ आहे त्याला पुष्कळ आणि ज्याच्या घरी थोडे आहे त्याला थोडे. आणि नाव लपविण्याऐवजी चिठ्ठीवर लिहून ध्वनिक्षेपकावरून पुकारलेले. हुंड्याच्या त्या उल्लेखावर आमच्यातल्या काहींनी थोडे थांबावे अशीही आमची इच्छा आहे. हुंडाप्रतिबंधक कायदा १९६१ साली झाला. आमच्या लग्नघरांतून 'मुलीला काय घालणार' हा प्रश्न अजून गेलेला नाही, आणि तेच लग्नघर डिसेंबरात निकोलसच्या नावाने मोजे टांगते. पण तो विषय स्वतंत्र आहे.

युरोपात गहाणवटीचा धंदा करणारे सावकार आपल्या दुकानावर तीन सोनेरी गोळे टांगीत, आणि त्या गोळ्यांचा संबंध लोक निकोलसच्या तीन पुरचुंड्यांशी जोडीत आले आहेत. संपाच्या काळात ज्यांच्या आयांनी तांब्याची भांडी आणि गळ्यातले मणी सावकाराकडे ठेवले, त्यांना या खुणेचा अर्थ निराळा सांगायला नको.

आता आमच्यावर जे आक्षेप घेतले जातील त्यांकडे वळू. पहिला आक्षेप आमच्यापेक्षा कडक मंडळींचा आहे. मोजा, सांताक्लॉज, हे सारे परकीय; ते टाकूनच द्यावे, बाळ येशू आणि गोठा पुरे, असे ते म्हणतात. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. परकीय म्हणून टाकायचे ठरविले तर गोठ्याचे काय? असिसीच्या फ्रान्सिसने इटलीतील ग्रेचिओ गावी १२२३ साली गव्हाण मांडली, तेथून ही प्रथा जगभर पसरली. नाताळचा वृक्ष जर्मनीतला. आणि आमचा धर्मच परका म्हणणाऱ्यांची या देशात वाण नाही. त्यांच्या हाती आमचाच तर्क कशाला द्यावा? शिवाय निकोलसला ख्रिस्तसभेने यादीतून काढून टाकले, असे जे बोलले जाते तेही खोटे आहे. १९६९ च्या पंचांग सुधारणेत त्याचा ६ डिसेंबरचा स्मरणदिन ऐच्छिक करण्यात आला, एवढेच. तो संत आहे आणि संतच राहील. दाढी, तांबडा झगा आणि वाटोळे पोट यांसह जो आज दिसतो, त्याला १८६३ पासून पुढे टॉमस नास्ट या अमेरिकन व्यंगचित्रकाराने आकार दिला आणि १९३१ पासून कोकाकोलाच्या जाहिरातींनी घरोघर पोहोचविले. झग्याला आमची हरकत नाही. झग्याच्या आतला बिशप हरवला, ही आमची तक्रार आहे.

दुसरा आक्षेप हळव्या मंडळींचा : मुलांचा आनंद आहे, त्यात कशाला विरजण घालता? पण आम्ही आनंदाच्याच बाजूने बोलत आहोत. मोजा भरण्यात मोठी मौज आहे. आमच्या चाळींत तो शाळेचाच पांढरा मोजा असे, बहुधा टाचेला रफू केलेला, आणि धुराडे नसल्यामुळे तो खिडकीच्या गजाला किंवा कपाटाच्या मुठीला अडकविला जाई. तळाशी संत्रे घालायची पद्धत निकोलसच्या सोन्याच्या गोळ्याची आठवण म्हणून पडली असे सांगतात. आणि आमच्याकडे तर डिसेंबरात नागपुरी संत्र्यांच्या गाड्या नाक्यानाक्यावर लागलेल्या असतात. संत्र्यावर कागदाच्या पुडीत चार-दोन कलकल, एखादी नेवरी, शिट्टी, भोवरा, रंगीत खडू, शेंगदाण्याची चिक्की. चिंचेचे नाव मिरविणाऱ्या वस्तीत चिंचेच्या गोळ्यांनाही मज्जाव नसावा. हाताला काय लागते याची अंधारात चाचपणी करण्यात जे सुख आहे ते मोटारीत नाही. मोटार मोज्यात मावतच नाही, म्हणून तर ती डोके बाहेर काढून बसते! मोजा लहान आहे, हेच त्याचे शहाणपण. जे त्यात मावत नाही ते नाताळबाबाने आणलेले नाही, एवढा नियम जरी घरोघर पाळला तरी निम्मे काम होईल.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो आम्ही सर्वांत गंभीर मानतो. पैसे पालकांचे आहेत. ज्याने त्याने आपल्या मुलाला काय द्यावे हे सांगणारे तुम्ही कोण? घरात काय द्यावे हे आम्ही सांगत नाही. मनोऱ्यातल्या बापाने आपल्या मुलाला घरी हवी तर सायकल द्यावी, पण 'ही मी दिली' असे सांगून द्यावी. ती सायकल निकोलसच्या हातून, चाळीतल्या मुलादेखत देण्याचा अधिकार त्याला नाही. धर्मग्रामाचे सभागृह हे त्याच्या दिवाणखान्याचा विस्तार नव्हे. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने दानधर्माचा गाजावाजा करणाऱ्यांविषयी जे सांगितले ते आपण दरवर्षी ऐकतो; येथे तर दानही नाही, नुसता गाजावाजा आहे.

याबाबतीत शेजाऱ्यांकडून शिकण्यात कमीपणा मानू नये. चिंचपोकळीचे सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ १९२० पासूनचे आहे. वर्गणी कोणी शंभर देतो, कोणी दहा हजार. प्रसाद वाटताना पावतीपुस्तक उघडून मोदकाचा आकार ठरविल्याचे कोणी पाहिले आहे काय? तळहातावर पडतो तो तेवढाच, सर्वांच्या. प्रसाद म्हणजे कृपा, आणि कृपा मिळकतीच्या प्रमाणात मिळत नसते, ही गोष्ट आमच्या हिंदू शेजाऱ्यांना मांडवात कळते. ती आम्हांला, जे आठवड्याला एकाच भाकरीचे वाटेकरी होतो त्यांना, सभागृहात कळू नये हे आश्चर्य आहे. आमच्याच घरांतील जुनी रीतही हेच सांगत होती. नाताळचा फराळ करून त्याची ताटे चाळभर पाठविली जात. गोव्याकडची मंडळी त्याला कोन्सुआद म्हणतात. ज्या घरी दुखवटा आहे, जेथे तळण झालेले नाही, तेथे ताट आधी जाई. कोणाच्या ताटात किती नेवऱ्या घालाव्या याचा हिशेब त्या घराच्या गरजेवरून होई.

म्हणून आमची मागणी अशी आहे. यंदाच्या आगमनकाळापूर्वी धर्मग्राम परिषदांच्या ज्या बैठका होतील, त्यांत ही नावाची चिठ्ठी बंद करण्याचा ठराव यावा. पालकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे बंद पाकिटात, नाव न लिहिता, एका पेटीत टाकावेत. ज्याला काही टाकता येत नाही त्याने रिकामे पाकीट टाकावे, कोणाला कळणार नाही. जमेल त्या रकमेत जितकी मुले तितके मोजे, एकाच कापडाचे, एकाच मापाचे शिवून घ्यावेत. लालबागच्या बाजारात कापडाला तोटा नाही आणि शिवणयंत्र असलेल्या आमच्या भगिनींची धर्मग्रामात उणीव नाही. भरण्याचे काम थोरल्या मुलांनी एका सायंकाळी मिळून करावे. शक्य तर ६ डिसेंबरला, निकोलसच्या दिवशीच, म्हणजे तो कोण होता हे सांगायला निमित्तही मिळेल. वाटताना नाव पुकारू नये. मेळाव्याला आलेले शेजारचे हिंदू किंवा मुसलमान मूल असेल तर त्यालाही तोच मोजा मिळावा, त्यासाठी दहा-वीस अधिक भरून ठेवावेत. पेटीत काही उरले तर ते संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या कार्यकर्त्यांकडे द्यावे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केलेली ही संस्था गरजूंच्या दारी स्वतः जाऊन मदत पोहोचविण्याचे काम करीत आली आहे. धर्मग्रामात कोणाच्या मुलीची फी थकली आहे आणि कोणाचे औषध थांबले आहे, हे त्यांना विचारावे लागत नाही.

हे अवघड आहे असे कोणी म्हणेल. बारा मुलांच्या आईला विचारा, असे पूर्वी म्हणत. आता दोन मुलांच्या आईला विचारले तरी ती सांगेल की घरात दोन मोजे सारखे भरले नाहीत तर सकाळी काय होते. ती मोजून भरते, एकात खडू अधिक पडला तर दुसऱ्यात चिक्की अधिक घालते. धर्मग्रामाने तेवढेच करावयाचे आहे. ठराव मांडायला परिषदेतील कोणी धजत नसेल तर पालकांनी पाच-दहा सह्यांचे पत्र द्यावे, आणि पत्रालाही उत्तर आले नाही तर त्या वर्षी चिठ्ठी कोरी ठेवून, मोज्यात फक्त एक संत्रे घालून तो कार्यकर्त्यांच्या स्वाधीन करावा. ऐपत असलेल्यांनी हे प्रथम करावे.