कुंपण एकाच बाजूला

खरेदीचा प्रस्ताव आपण पाठवतो. ग्राहक लिंक उघडतो, ओटीपी टाकतो आणि आपल्या कामाला लागतो. कागदोपत्री निर्णय त्याचा. प्रत्यक्षात कुणाचा, हे आपण सगळेच जाणतो. नावापुरता अधिकार आणि खरा अधिकार यांतला हा फरक आगियाँ आणि तिरोल या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मांडला तो संस्थांसाठी, पण म्युच्युअल फंड वितरकाला तो वेगळा समजावून सांगायला नको.

अडचण आहे ती आपल्या कलाची. सेबीने १ ऑगस्ट २००९पासून एंट्री लोड बंद केला, २०१८ मध्ये आगाऊ कमिशनला चाप लावून सारा मोबदला ट्रेलवर आणला. पैसे उगाच या योजनेतून त्या योजनेत फिरवण्याचा मोह त्याने कमी झाला. पण ट्रेल मिळतो तो जमा रकमेवर, आणि इक्विटीत लिक्विड फंडापेक्षा जास्त. ‘वीस लाख काढा आणि गृहकर्ज फेडून टाका’ या सल्ल्याला कमिशन नाही. उलट मिळता ट्रेल जातो. असे सल्ले आपण वर्षात किती देतो?

कमिशन उघड केले की प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटते. केन, लोवेन्स्टाइन आणि मूर यांच्या २००५ च्या प्रयोगात उलटेच घडले. बरणीतल्या नाण्यांची किंमत ओळखायची होती. अंदाज जितका चढा, तितका सल्लागाराचा फायदा. हा स्वार्थ उघड केल्यावर सल्लागारांनी आकडे आणखी फुगवले आणि ऐकणाऱ्यांनी ते पुरेसे कापले नाहीत. ‘सांगितले होते ना’ म्हणण्याची सोय झाली, इतकेच.

ग्राहक हुशार असला तर? आपण सत्तर टक्के इक्विटी म्हटले की तो मनातल्या मनात दहा कापतो. हे ओळखून आपण ऐंशी म्हणतो, मग तो वीस कापतो. क्रॉफर्ड आणि सोबेल यांनी १९८२ मध्ये दाखवले की अशा संवादात नेमकी माहिती पोहोचतच नाही. ‘जरा जास्त’ किंवा ‘जरा कमी’ एवढेच उरते. म्हणून डेसाइन यांचा २००२ चा निष्कर्ष महत्त्वाचा: तज्ज्ञाचा कल थोडा आणि त्याची माहिती बरीच जास्त असेल, तर सल्ला विचारून कापाकापी करण्यापेक्षा निर्णयच त्याच्याकडे सोपवणे परवडते.

मात्र मोकाट नव्हे. निर्णय सोपवताना मर्यादा कशी आखावी, याचे गणित होल्मस्ट्रॉम यांनी घालून दिले. आपल्या धंद्यापुरता त्याचा अर्थ असा की कल जिकडे, कुंपण तिकडेच. आपला कल जास्त इक्विटीकडे असेल तर फक्त कमाल मर्यादा हवी. किमान मर्यादेची गरज नाही, कारण कमी इक्विटी सुचवणारा वितरक स्वतःच्या खिशाला चाट लावून बोलत असतो. ‘इक्विटी साठ टक्क्यांवर नाही, सेक्टर फंड नाही’ असे दोन ओळींचे पत्र आपणच लिहून ग्राहकाची सही घ्यावी. एखाद्या वर्षी पंच्याहत्तर टक्केच योग्य असतील आणि हात बांधलेले राहतील. ती किंमत मोजावीच लागेल.

रेग्युलर की डायरेक्ट, हा निर्णय मात्र या कुंपणात मावत नाही. तिथे आपला कल पुरेपूर आहे आणि माहिती ग्राहकालाही तितकीच उपलब्ध आहे, दोन्ही योजनांचे खर्चाचे प्रमाण जाहीर असते. तो आपल्याकडे सोपवून घेऊच नये. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडावेत, आपल्या सेवेचे काय ते सांगावे आणि थांबावे.