लगद्याचे दोन ढीग

१९८९ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये एक प्रदर्शन भरले. जागा दोन होत्या : पाँपिदू केंद्र आणि ला व्हिलेत येथे जुन्या गुरांच्या बाजारासाठी बांधलेले अवाढव्य दालन. नाव होते 'मॅजिसियाँ द ला तेर', म्हणजे 'पृथ्वीवरचे जादूगार'. युरोप-अमेरिकेच्या नामवंतांबरोबर आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथील कलावंतांना एकाच छताखाली, बरोबरीच्या नात्याने बसवायचे, अशी ती कल्पना. तिच्यावर टीका पुष्कळ झाली, आणि ती सगळीच अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. परंतु आपल्या दृष्टीने त्या प्रदर्शनात एक विलक्षण योगायोग होता. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे तिथे होते आणि चीनमधून आलेला ह्वांग योंग पिंग हाही होता.

या ह्वांगने दोन वर्षांपूर्वी एक उद्योग केला होता. चिनी चित्रकलेचा इतिहास आणि आधुनिक चित्रकलेचा संक्षिप्त इतिहास अशी दोन पुस्तके त्याने कपडे धुण्याच्या यंत्रात घातली आणि दोन मिनिटे फिरवली. जो लगदा निघाला त्याचा ढीग लाकडी खोक्यावर मांडला. पौर्वात्य आणि पाश्चात्य यांच्या थोर समन्वयावर आपल्याकडे चर्चासत्रे भरतात, त्या सर्वांना दोन मिनिटांत दिलेले हे उत्तर! पॅरिसमध्येही त्याने वर्तमानपत्रांच्या लगद्याचीच थडग्यांसारखी प्रचंड कासवे उभारली. प्रदर्शन चालू असतानाच तिकडे तिआनमेन चौकात रणगाडे आले आणि ह्वांग फ्रान्समध्येच राहिला. २०१९ मध्ये तो वारला. त्याआधी वर्षभर, २०१८ मध्ये, जिव्या मशे गेले होते.

दोघे एका दारातून आत गेले. बाहेर पडल्यावर मात्र जगाने त्यांना वेगवेगळ्या रस्त्यांना लावले. ह्वांग आणि त्याच्यामागून आलेले चिनी कलावंत 'समकालीन' ठरले. १९९२ मध्ये देंग श्यावफिंग यांनी दक्षिणेचा दौरा केला, बाजारपेठेचे दरवाजे सताड उघडले, आणि पुढल्या वीस वर्षांत त्या देशात जी उलथापालथ झाली ती या कलावंतांचा विषय बनली. त्साव फेइ हिने २००६ मध्ये फोशान येथील दिव्यांच्या कारखान्यात कामगारांनाच नाचायला लावले. यंत्रांच्या रांगांमधून बॅले नर्तिकेच्या वेषात फिरणारी कामगार मुलगी ज्याने पाहिली तो ती विसरणार नाही. श्यू बिंगने बीजिंगमधल्या बांधकामावरचे लोखंड, फावडी, मजुरांच्या टोप्या यांतून दोन महाकाय पक्षी घडवले. म्हणजे गिरणी, भट्टी, पाडापाडी, गावाकडून शहरात लोटलेला मजूर हे सारे कलेत आले आणि जगातल्या संग्रहालयांनी ते मान्य केले.

चीनमध्ये सर्व काही आलबेल होते असे मला सुचवायचे नाही. आय वेइवेइला २०११ मध्ये एक्क्याऐंशी दिवस डांबून ठेवले गेले, हे जगजाहीर आहे. शिवाय शेन्झेनजवळ दाफेन नावाचे गाव आहे. तिथे १९८९ पासूनच हाँगकाँगच्या एका व्यापाऱ्याच्या ऑर्डरी येऊ लागल्या आणि बघता बघता हजारो माणसे व्हॅन गॉगची सूर्यफुले रंगवू लागली. काम नगावर, सही दुसऱ्याची. चिनी कलेची ही मागची बाजू. आमच्या वारलीचे नशीब जोडायचे झाले तर ते श्यू बिंगच्या पक्ष्यांशी नाही, या दाफेनशी जोडावे लागेल.

वास्तविक वारली चित्रकला ही भिंतीवरची, लग्नाच्या चौकाची, सवाशिणींच्या हातची. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या जाणकारांनी कागद आणि रंग पुरवले आणि ती पुरुषांच्या हातात, मग मुंबई-दिल्लीच्या विक्री केंद्रांत गेली. १९७६ मध्ये जिव्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. आज ती चहाच्या कपावर आहे, चादरीवर आहे, रेल्वे स्थानकाच्या जिन्यावर आहे. २०१४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले ते योग्यच झाले. पण मानांकनाने नाव राखता येते, सुरतेच्या छापखान्यात रोज हजारो मीटर कापडावर उमटणारी ती रेष कोण आणि कशी राखणार? आणि या साऱ्या मालावर चित्र एकच. तारपा, फेर धरलेली माणसे, झोपडी, ताडाचे झाड. गिऱ्हाइकाला हेच हवे असते. आदिवासीने काळाच्या बाहेर राहावे, ही अपेक्षा घेऊन तो पैसे मोजतो.

जव्हार-मोखाड्याकडे आपण पाहतो तेही असेच. १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचे नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर नेले. तेव्हापासून या भागाची दोनच छायाचित्रे आमच्या व्यवसायाला ठाऊक आहेत : एक खंगलेले मूल, आणि दुसरे तारप्याचा नाच. मधले काही नाही. दिवाळीनंतर गावेच्या गावे 'जगायला' बाहेर पडतात. कोणी भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, कोणी रेती उपसायला, कोणी नाशिकच्या द्राक्षबागांत. शिमग्याला घरी येतात आणि पुष्कळसे पुन्हा जातात. मोखाड्याच्या हद्दीत मध्य वैतरणा धरण आहे; त्याचे पाणी मुंबईला पोचते आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्याच पाड्यांवरच्या बाया टँकरची वाट पाहतात. फोशानच्या कारखान्याइतकाच हा औद्योगिक काळाचा देखावा आहे. फक्त तो रंगवायला आपण कोणाला सांगितलेले नाही.

कोणीच सांगितले नाही, असे मात्र नाही. येथे पुन्हा लगद्याकडे वळावे लागते. या दोन तालुक्यांत बोहाडा होतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी, रात्रभर, टेंभ्यांच्या उजेडात आणि संबळाच्या ठेक्यावर गणपती-शारदेपासून रावणापर्यंतची सोंगे नाचतात. त्यांचे मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, पुढे कागदाचे होऊ लागले. रद्दी भिजवायची, कुटायची, तिच्या लगद्यातून देव आणि राक्षस घडवायचे. यंत्र नाही, कला-इतिहासाची पुस्तकेही नाहीत. पण लगदा तोच. २०१५ च्या सुमारास दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल यांनी जव्हारच्या सुभाष आणि भगवान धर्मा कडू या मुखवटे घडविणाऱ्या भावांना वेगळीच गळ घातली. देव-दैत्य बाजूला ठेवा, आज तुमच्या अवतीभवती जे आहे त्याचे मुखवटे करा. मग माणसांचे, जनावरांचे, पाखरांचे, रोजच्या वापरातल्या वस्तूंचेही मुखवटे झाले आणि कोकणा-वारली गावकरी ते चढवून दुकानात, दवाखान्यात, घराच्या ओट्यावर आपापली कामे करीत कॅमेऱ्यापुढे राहिले. ही छायाचित्रे २०१७ मध्ये जर्मनीच्या कासेल शहरातल्या 'डॉक्युमेंटा'त लागली, २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या पीएस-वन या शाखेत.

मला ही छायाचित्रे फार महत्त्वाची वाटतात. दवाखान्याच्या खाटेवरचा मुखवटा पाहताना हसू येते आणि लगेच ओशाळायला होते. कीव करायला ती जागा देत नाहीत. रोगी, म्हातारा, कारकून, दुकानदारीण ही सोंगे बोहाड्यात कधी नव्हती. ती आली म्हणून परंपरा बाटली, असे काही झालेले नाही. उलट बोहाड्याच्या हातात केवढे बळ आहे ते त्यामुळे कळले.

पण एक खटकते. कडू बंधूंची नावे प्रदर्शनात आदराने घेतली जातात, ते सहकारी म्हणूनच ओळखले जातात. तरी जगाच्या कलाव्यवहारात मालिका ज्ञात आहे ती छायाचित्रकाराच्या नावाने. हा दोष गिल यांचा नव्हे. त्यांनी राजेश वांगड या गंजाडच्या चित्रकाराबरोबर केलेल्या मालिकेत वांगडांची रेष गिल यांच्या छायाचित्रावरच चालते आणि दोघांची नावे बरोबरीने येतात. दोष आहे तो व्यवहाराच्या सवयीत. ह्वांगने लगदा केला की ती संकल्पना, जव्हारला लगदा झाला की हस्तकला! पहिल्याची किंमत लिलावात ठरते, दुसऱ्याची मजुरीच्या दराने. चिनी कलावंतांच्या पाठीशी त्यांचे लिलावगृह उभे राहिले, समीक्षक उभे राहिले, घरचे धनिक संग्राहक उभे राहिले. आमच्याकडे सरकार उभे राहते, तेही बहुधा सत्कारापुरते. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे वृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली याचा आनंद आहेच. त्यांच्या तारप्याचा भोपळा वाढवण्यापासून तो वाजवण्यापर्यंतची विद्या पुढे कोण घेणार आणि ती घेणारा पोरगा वर्षातले सहा महिने भट्टीवर असेल तर ती कधी घेणार, हा प्रश्न सत्कार-समारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही.

यापुढचा काळ तर आणखी घाईचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्या बंदराला समृद्धी महामार्गाशी जोडणाऱ्या सुमारे १०५ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गाला मंजुरी दिली. तो तवा ते भरवीर असा जव्हार-मोखाड्यातूनच जायचा आहे. रस्ता नको, असे म्हणण्याचा मला काय अधिकार? बाळंतिणीला डोलीतून नेणाऱ्या पाड्यांना रस्ते हवेच आहेत. अर्थात कंटेनरसाठीचा रस्ता पाड्यावर उतरतोच असे नाही. परंतु एक गोष्ट आजच सांगता येते. रस्ता झाला की त्याच्या पुलांच्या खांबांवर आणि टोलनाक्यांच्या भिंतींवर वारली चित्रे काढून घेतली जातील. प्रत्येक नव्या बांधकामाची ती आता रीतच झाली आहे. तारपा असेल, फेर असेल, ताडाचे झाडही असेल. बुलडोझर, मोजणीदार, ट्रकमध्ये बसून भट्टीवर निघालेले कुटुंब यांना त्या भिंतीवर जागा मिळेल का? काम चौरस फुटाच्या दराने दिले जाईल. निविदेच्या अटींत चित्राखाली सही करण्याची मुभा ठेवली आहे काय, एवढे मात्र मी त्या नाक्यावर गाडी थांबवून पाहणार आहे.