ही शांतता कुणाची?

साथींनो, हे आम्ही कुरुंदवाडच्या शिवारातून लिहितोय. आमची टोळी दिवाळीनंतर इकडे ऊसतोडीला आली. उचल फिटेस्तोवर घरी जाता येत नाही, हे सांगायला नको. परवा दुकानातून भजी बांधून आणली, तो कागद पेपरच्या पुरवणीचा निघाला. त्यावर प्रश्न छापलेला: यंदा शांत सुट्टी कुठे, समुद्रकिनारी, वाळवंटात की डोंगरात? खाली लाकडी घर, पोहायचा हौद, मागे सागाचं रान. एका रात्रीचं भाडं वाचून कोपीतल्या बायका हसायला लागल्या. तेवढ्या पैशात एक जोडी किती टन ऊस तोडते, त्याचा हिशोब त्यांनी तोंडी केला.

हसू ओसरल्यावर आमचं लक्ष चित्राकडे गेलं. समुद्र आहे, पण होडी नाही, कोळी नाही. वाळवंट आहे, पण मेंढरं नाहीत. डोंगर आहे, पण पाडा नाही, धूर नाही, कोंबडा नाही. माणूस काढून टाकला की जे उरतं त्याला हे लोक शांतता म्हणतात आणि तिचे पैसे घेतात. ही शांतता आपोआप होत नाही, करावी लागते.

मुळशीचं उदाहरण बघा. महाराष्ट्र सरकारने १९९६ साली खाजगी थंड हवेच्या ठिकाणांसाठी नियम केले. मग वरसगाव धरणाच्या वर, मोसे नदीच्या खोऱ्यात, १८ गावांच्या हद्दीत लवासा उभं राहिलं. हे नाव जाहिरातवाल्यांनी बनवलेलं, त्याला कुठल्याच भाषेत अर्थ नाही. दासवे गावाच्या जागी इटलीतल्या एका बंदराची नक्कल बांधली. डोंगर कापले, पाणी अडवलं. तिथले कातकरी आणि शेतकरी वर्षानुवर्षं ओरडत होते, की कमाल जमीन धारणा कायद्यात भूमिहीनांना मिळालेल्या जमिनीसुद्धा गेल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायची नोटीस काढली. पुढच्याच वर्षी अटी घालून मंजुरी दिली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. म्हणजे शांतता विकणाऱ्याचा धंदाही बसला आणि डोंगर होता तसा पुन्हा झाला नाही.

आपल्या सातपुड्याला याहून जवळचं केवडिया. सरदार सरोवराने महाराष्ट्रातली अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावं घेतली, ते आपल्याला माहीत आहे. पण केवडियाकडची सहा गावं पाण्यात गेलीच नाहीत. त्यांची जमीन १९६१ साली धरणाच्या कॉलनीसाठी घेतली. पाण्यात गेली नाहीत म्हणून बुडितवाल्यांचे हक्कही त्यांना नाकारले. आज त्या भागात २०१८ चा पुतळा आहे, हॉटेलं आहेत, पाण्याच्या काठी गार हवेचे तंबू आहेत. तडवी आदिवासीची जमीन ‘देशाच्या कामासाठी’ म्हणून घेतली, आणि तिच्यावर आता सुट्टी विकली जाते. हे कसलं देशाचं काम?

वाळवंटाचंही तेच. राजस्थानात देवाच्या नावाने राखलेलं चराईचं रान असतं, त्याला ओरण म्हणतात. सरकारी दप्तरात अशी कितीतरी ओरणं पडीक म्हणून लागलीत. पडीक लिहिलं, की कुणालाही देता येतं. आपल्या डोंगराला ‘वन’ लिहिलं तेव्हा काय झालं ते आठवा.

कुणी म्हणेल, पोरं शिकली, आता पाहुण्यांनाच नको म्हणतात. तसं नाही. इथे पंचगंगेपलीकडे नरसोबाची वाडी आहे. पौर्णिमेला माणसांचा पूर येतो. लोक दर्शन घेतात, पेढे-बासुंदी घेतात, घरी जातात. वाडी उठवायला कुणी सांगत नाही. काठीच्या होळीला या, रात्रभर ढोल ऐका, आमच्याकडची भाकर खा. पण आमच्याकडे आलेल्या एजंटाचं बोलणं ऐकाल? रात्री ढोल बंद ठेवायचा, पाहुण्यांची झोप मोडते. शनिवारी मात्र त्यांच्यासमोर तासभर नाचायचं.

तो आला कधी, हे महत्त्वाचं. आम्ही इकडे कोयत्यावर असताना आला. दिवाळी ते होळी आपले पाडे रिकामे, घरात म्हातारी माणसं आणि लहान पोरं. तेव्हा डोंगर खरंच शांत असतो. एजंटाच्या फोटोत दिसते ती हीच शांतता, आपल्या पोटाने केलेली. त्याच दिवसांत तो म्हाताऱ्यांचे अंगठे घेत फिरतो.

म्हणून पाड्यावर जे आहेत त्यांनी नीट ऐका. वनहक्क कायदा २००६ मध्ये मिळालेला पट्टा वारसाला जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. कलम ४(४) आहे. सातबाऱ्यावरची आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं: पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालासुद्धा कलेक्टरची आधी परवानगी लागते, आणि त्याहून जास्त मुदतीला किंवा विक्रीला सरकारची मंजुरीही. एजंटाचा कागद तीस वर्षांचा आहे. गावाच्या सोयीसाठी वनजमीन देता येते, त्या तेरा सोयींची यादी कलम ३(२) मध्ये आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, तळं, रस्ता. रिसॉर्ट त्या यादीत नाही.

धोका दुसरीकडून आहे. २०२३ मध्ये वन संरक्षण कायदा बदलला. वन विभागाच्या आराखड्यात इको-टुरिझमची सोय लिहिली असेल, तर ते आता ‘वनेतर काम’ धरत नाहीत. म्हणजे एजंट नाही आला तरी आराखडा येऊ शकतो, आणि त्यावर ‘ग्रामसभेत चर्चा झाली’ असं लिहिलेलं असेल.

मग नुसतं बघत बसायचं का? कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात मोठ्या हॉटेल कंपनीचं रिसॉर्ट बांधून उभं राहत होतं. तिथले आदिवासी आडवे झाले, कोर्टात गेले. जानेवारी १९९७ मध्ये हायकोर्टाने सांगितलं, केंद्राची परवानगी नसताना वनजमीन अशी देता येत नाही. रिसॉर्ट थांबलं.

आमचं मागणं असं आहे. होळीला सगळे घरी येईपर्यंत जमिनीच्या, जंगलाच्या किंवा पर्यटनाच्या विषयावर कुठल्याही पाड्यात सभा भरवू देऊ नका. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. तेवढी नसतील तर रजिस्टरवर तसंच लिहा, कोऱ्या पानावर सही करू नका. ग्रामसेवकाकडून मागच्या तीन महिन्यांच्या ठरावांच्या नकला लेखी मागा. ज्या आजोबा-आजींनी अंगठा दिला असेल त्यांना रागावू नका. कागदाचा फोटो काढा आणि टोळीतल्या कुणाच्याही फोनवर पाठवा. आम्ही रात्री बघतो.