फरशी नको, मुलं पाठवा

मुंबईत फोर्टात नोकरी करताना मी जेवणाच्या सुट्टीत कधीकधी आर्मेनियन चर्चपाशी थांबे. १७९६ सालचं सेंट पीटर चर्च. उभारणारा समाज विरला. पुढे तिथे सीरियन ख्रिस्ती प्रार्थनेला येऊ लागले. कोलकात्यात मात्र मूठभर आर्मेनियन अजून ६ जानेवारीला नाताळ करतात. तिथे त्यांचं १७२४चं चर्च आहे, पण मला महत्त्वाची वाटते ती १८२१ साली काढलेली शाळा. परदेशातली आर्मेनियन मुलंही तिथे येऊन राहतात, शिकतात.

आता आमच्या गावी, कोकणातल्या वेळणेश्वरात, महाशिवरात्रीला ते चर्च आणि ती शाळा हटकून आठवतात. गोखले, गाडगीळ अशी कितीतरी कुळं या देवाची. गाड्या येतात, अभिषेक होतो, पावती फाटते, संध्याकाळी गाड्या परत. मग आमच्या आळीत दिवा लागलेली घरं बोटांवर मोजावीत. शिमग्यात पालखी आली की बंद घरांच्या वतीनेही मीच ओटी भरते.

देवळाच्या फरशीसाठी देणग्या देता, त्यांचं ऋण आहेच. पण मे महिन्यात आठ दिवस नातवंडं पाठवा. आरत्या पाठ करतील, नमनातला मृदंग ऐकतील, सकाळी माडांना शिंपण करतील. जेवणाखाण्याचं आम्ही बघू. माझ्या माडीवर सहाजण सहज झोपतील.